ब्रेन ट्यूमरच्या जीन एक्सप्रेशनवर प्रोजेक्ट घेताय? आधी 'नॉर्मल' कुठून आणणार ते ठरवा

दरवर्षी डिसेंबर-जानेवारी आला की एमएस्सी बायोटेक आणि बायोइन्फॉर्मॅटिक्सवाल्या ज्युनिअर्सचे मेसेज सुरू होतात, दादा शेवटच्या सेमिस्टरला डेझर्टेशन आहे, ब्रेन ट्यूमरमध्ये नॉर्मल मेंदूपेक्षा कुठले जीन्स जास्त आणि कुठले कमी असा टॉपिक घेतलाय, कुठून सुरुवात करू. प्रत्येकाला तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतोय. मी पुण्यात एमएस्सी केलं, डेझर्टेशन याच विषयावर, आणि नंतर एका लॅबमध्ये प्रोजेक्ट पोझिशनवर ग्लायोमाचाच, म्हणजे मेंदूतल्या ग्लिया या आधार पेशींसारख्या ट्यूमरचाच, डेटा चिवडत बसलो, त्यामुळे इथलं बरंचसं पुस्तकातलं नाहीये, स्क्रीनसमोर बसून कळलेलं आहे.

बेसिक एका दमात सांगतो. डीएनए सगळ्या पेशींत जवळपास सारखाच, पण कुठल्या पेशीत कुठला जीन किती वाचला जातो हे वेगळं, आणि ते मोजायचं म्हणजे त्या जीनचे आरएनए किती आहेत ते मोजायचं. आरएनए-सीक हेच करतं, शेवटी तुमच्या हातात एक मोठ्ठा तक्ता येतो, आडव्या ओळीत जीन्स, उभ्या रकान्यात सॅम्पल्स, आणि आत आकडे. आणि 'ब्रेन ट्यूमर' हा एक आजार नाही हे गाईडला टॉपिक सांगायच्या आधी डोक्यात घ्या. मोठ्यांमधला ग्लायोब्लास्टोमा वेगळा, ऑलिगोडेंड्रोग्लायोमा वेगळा, लहान मुलांमधला मेड्युलोब्लास्टोमा तर पार वेगळा, तो छोट्या मेंदूत होतो, आणि मेनिंजिओमा तर मेंदूच्या पेशींचा नसतोच, मेंदूवरच्या आवरणाचा असतो. सगळे एकत्र करून 'ट्यूमर विरुद्ध नॉर्मल' असं लावलंत तर जे येईल त्याला काही अर्थ नसतो, त्यामुळे एक निवडा. मी पुढचं सगळं ग्लायोब्लास्टोमाबद्दल बोलतोय कारण त्याचा डेटा भरपूर आहे, अमेरिकेतला द कॅन्सर जीनोम ॲटलस, म्हणजे आपण ज्याला टीसीजीए म्हणतो, तो २००६ ला सुरू झाला आणि २००८ साली त्यांचा पहिला मोठा पेपर आला तो याच ट्यूमरवर.

आता मुद्द्याचं. सगळे जण ट्यूमरचा डेटा शोधण्यात महिना घालवतात आणि नॉर्मल मात्र जे हाताला लागेल ते घेतात. खरा घोळ तिथेच आहे. स्तनाच्या किंवा आतड्याच्या कॅन्सरमध्ये सर्जन गाठीबरोबर आजूबाजूचा थोडा चांगला भागही काढतो, म्हणजे एकाच पेशंटचा ट्यूमर आणि नॉर्मल अशी जोडी आयती मिळते, वय, लिंग, खाणंपिणं, ऑपरेशनची वेळ सगळं सेम. मेंदूत हे होत नाही. कुठलाही न्यूरोसर्जन तुमच्या डेझर्टेशनसाठी कुणाच्या मेंदूचा चांगला तुकडा काढून देणार नाही आणि देऊही नये. बरं गाठीला चिकटून थोडंफार आलंच तरी ते नॉर्मल नसतं, ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी एमआरआयवर दिसणाऱ्या कडेच्या बऱ्याच पलीकडे सरपटत गेलेल्या असतात, म्हणून तर ऑपरेशन छान झालं तरी ट्यूमर बहुतेक वेळा तिथेच आजूबाजूला परत येतो.

मग लोक नॉर्मल म्हणून वापरतात काय? एक म्हणजे एपिलेप्सीच्या ऑपरेशनमधून निघालेला मेंदूचा भाग. फिट्स औषधांनी थांबत नसतील तर काही पेशंट्समध्ये तो भाग काढतात, तो ताजा असतो, लगेच फ्रीझ होतो, आरएनए चांगला मिळतो. जीईओ या जीन एक्सप्रेशनच्या फुकट डेटाबेसवर जीएसई४२९० नावाचा जुना मायक्रोअरे (आरएनए मोजायची आरएनए-सीकच्या आधीची पद्धत) डेटासेट आहे, त्यात १५७ ट्यूमर आणि एपिलेप्सीवाले २३, ट्यूमर आणि नॉन-ट्यूमर दोन्ही एकाच प्लॅटफॉर्मवर, शिकायला एकदम चांगला. पण विचार करा, वर्षानुवर्षं फिट्स येणाऱ्या माणसाच्या मेंदूचा तोच बिघडलेला भाग तुम्ही नॉर्मल म्हणून घेताय, त्यात ग्लियोसिस असतो, म्हणजे अॅस्ट्रोसाईट या आधार पेशी आधीच चवताळलेल्या असतात आणि त्यांचा जीफॅप हा जीन वर गेलेला असतो. त्यामुळे थिसिसमध्ये 'नॉन-ट्यूमर' लिहा, 'नॉर्मल' लिहू नका, एक्स्टर्नल एक्झामिनर जरा जाणकार असला तर पहिल्याच पानावर पकडतो.

दुसरं म्हणजे मृत्यूनंतर घेतलेले नमुने. जीटेक्स नावाचा अमेरिकन प्रोजेक्ट आहे, त्यात मेंदूच्या १३ जागांचे नमुने आहेत आणि ते खरंच निरोगी मेंदूच्या जवळचे आहेत, पण माणूस गेल्यापासून सॅम्पल घेईपर्यंत काही तास जातात आणि तेवढ्या वेळात आरएनए तुटायला लागतो, आणि तो सगळ्या जीन्सचा सारखा तुटत नाही. उलट ऑपरेशनमधून आलेल्या टिश्यूत वेगळीच गंमत असते, रक्तपुरवठा तोडल्यावर मिनिटांत फॉस, ईजीआर१ असले जीन्स उसळतात. म्हणजे तुमच्या यादीत फॉस वरच्या दहांत आला तर तो कॅन्सरमुळे आला की ऑपरेशन थिएटरमुळे आला हे आधी विचारा, मग चर्चा लिहा.

आणि त्या १३ जागांबद्दल एक महत्त्वाचं, सगळ्या उचलू नका! त्यात छोट्या मेंदूच्या दोन आहेत आणि एक तर चक्क मानेतल्या मज्जारज्जूची आहे. माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज न्यूरॉन असतात असा अंदाज आहे आणि त्यातले ६९ अब्ज एकट्या छोट्या मेंदूत, म्हणजे तो टिश्यू न्यूरॉन्सनी खच्चून भरलेला. मोठ्यांचा ग्लायोब्लास्टोमा मात्र बहुतेक करून मोठ्या मेंदूत होतो. पीसीए प्लॉट, म्हणजे एकमेकांसारखी सॅम्पल्स जवळजवळ दाखवणारा आलेख, काढून बघा, छोट्या मेंदूचे ठिपके एका कोपऱ्यात वेगळी चूल मांडून बसलेले दिसतील. ते नॉर्मलमध्ये धरलेत तर तुमची अर्धी यादी 'मोठा मेंदू विरुद्ध छोटा मेंदू' अशी होते आणि तुम्ही तिला कॅन्सर समजून पाथवे ॲनालिसिस करत बसता. कॉर्टेक्सचे, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थराचे, फ्रंटल कॉर्टेक्सचे नमुने घ्या, आणि घेतले ते का घेतले हे मेथड्समध्ये दोन ओळीत लिहा.

आता टीसीजीएकडे या. ग्लायोब्लास्टोमाच्या आरएनए-सीक डेटात दीडशेहून जास्त ट्यूमर आहेत आणि नॉर्मल किती, तर पाच. लो ग्रेड ग्लायोमामध्ये पाचशेच्या वर ट्यूमर आणि नॉर्मल शून्य. मग सगळे काय करतात, टीसीजीएचे ट्यूमर आणि जीटेक्सचे नॉर्मल एकत्र लावतात. गेपिया नावाच्या वेबसाईटवर जीनचं नाव टाकलं की लाल-करडा बॉक्सप्लॉट येतो ना, तिथे १६३ ट्यूमरसमोर २०७ नॉर्मल दिसतात, ते २०७ असेच जमवलेले आहेत. झटपट बघायला साईट उत्तम आहे, माझा रोजचा वापर आहे, पण तो बॉक्सप्लॉट थिसिसचा फिगर १ म्हणून चिकटवू नका.

का ते सांगतो, हे एक नीट समजलं तर बाकी सगळं सोपं जाईल. सगळे ट्यूमर एका प्रोजेक्टमधून आले, सगळे नॉर्मल दुसऱ्या प्रोजेक्टमधून. सॅम्पल कसं गोळा केलं, किती वेळ ठेवलं, कुठल्या किटने लायब्ररी केली, कुठे सीक्वेन्स केलं, सगळं वेगळं. मग एखादा जीन ट्यूमरमध्ये दुप्पट दिसला तर तो ट्यूमरमुळे दुप्पट की लॅब बदलली म्हणून दुप्पट, हे वेगळं करायला डेटात काहीच उरत नाही. कॉम्बॅट वगैरे बॅच करेक्शन, म्हणजे लॅबमुळे आलेला फरक गणिताने काढायची पद्धत, चालवू म्हणाल तर तेही इथे लंगडं पडतं, कारण बॅच आणि आजार शंभर टक्के एकमेकांवर बसलेले आहेत, बॅच काढली की आजारही त्याच्याबरोबर जातो. कॅलिफोर्नियातल्या युसीएससी विद्यापीठवाल्यांनी २०१७ मध्ये दोन्हीकडचा कच्चा डेटा एकाच पाईपलाईनमधून परत मोजून ठेवलाय, झेना ब्राउझरवर मिळतो, तो वापरलात तर निदान कॉम्प्युटरवरचा फरक जातो, पण टेबलावरचा, फ्रीझरमधला फरक जात नाही. त्यामुळे माझा सल्ला असा की टीसीजीए-जीटेक्सची तुलना करायची तर करा, पण त्याची यादी जीएसई४२९० सारख्या एकाच ठिकाणच्या डेटावर ताडून बघा आणि दोन्हीकडे एकाच दिशेने जाणारे जीन्सच पुढे न्या. यादी चांगलीच आक्रसते. आक्रसू दे.

पुढचा खड्डा याहून मोठा आहे आणि त्यात नवीन माणूस हमखास पडतो. तुम्ही ॲनालिसिस कराल, व्होल्कॅनो प्लॉट काढाल, उजवीकडे वर गेलेले जीन्स, डावीकडे खाली गेलेले. डावीकडची यादी उघडा. स्नॅप२५, एसवायटी१, गाबाचे रिसेप्टर, कॅमके२ए, सगळे सायनॅप्सचे, म्हणजे न्यूरॉन्सच्या जोडांचे, जीन्स. एनरिचमेंट, म्हणजे यादीत कुठल्या कामाचे जीन्स जास्त आहेत ते तपासणं, लावलं की 'सायनॅप्टिक सिग्नलिंग कमी झालं' असं ठळक येतं आणि आपल्याला वाटतं चला काहीतरी भारी सापडलं, ट्यूमर सायनॅप्स बंद करतोय. अहो, ट्यूमरच्या त्या तुकड्यात न्यूरॉनच नगण्य आहेत तर न्यूरॉनचे जीन्स कुठून दिसणार. गावात जत्रेच्या दिवशी डोकी मोजली आणि बांगड्यावाले वाढलेले दिसले तर आपण असं म्हणत नाही की गावातल्या प्रत्येकाने बांगड्या विकायला सुरुवात केली. बल्क आरएनए-सीक म्हणजे लाखो पेशी एकत्र कुटून मोजलेली बेरीज आहे, त्यात पेशींचं प्रमाण बदललं तरी आकडा बदलतो आणि पेशीच्या आत जीन खरंच चढला-उतरला तरी आकडा बदलतो, आणि आकड्याकडे बघून कुठलं काय ते कळत नाही.

उजवीकडेही तेच. सीडी१६३, सीडी६८ वर गेले म्हणजे कॅन्सरच्या पेशीने ते चालू केले असं नाही, ग्लायोब्लास्टोमाच्या गाठीत मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी भरपूर असतात, त्यांचे आहेत ते. रक्तवाहिन्यांचे जीन्स वर, कारण नवीन रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. एमकेआय६७, टॉप२ए वर, कारण पेशी भराभर विभागतायत, हे कुठल्याही वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये दिसेल, यात मेंदूचं असं खास काही नाही. हे सगळं बाजूला केल्यावर जे उरतं ते बघण्यासारखं असतं, ईजीएफआर, पीडीजीएफआरए, सीडीके४, सीएचआय३एल१ अशी मंडळी, आणि त्यातही ईजीएफआर बऱ्याच पेशंट्समध्ये वर जातो तो त्या जीनच्याच ढीगभर कॉप्या झाल्यामुळे.

यात मोठे मोठे लोकही अडकलेत, त्यामुळे लाजायचं कारण नाही. २०१० मध्ये टीसीजीएच्या डेटावरून ग्लायोब्लास्टोमाचे एक्सप्रेशननुसार चार प्रकार केले गेले, प्रोन्यूरल, न्यूरल, क्लासिकल आणि मेसेंकायमल. आम्ही परीक्षेत चारही पाठ करून लिहायचो. मग २०१७ च्या पेपरमध्ये त्यातल्याच काही लोकांनी फक्त ट्यूमर पेशींचे जीन्स धरून परत बघितलं तर न्यूरल प्रकार टिकलाच नाही, तो बहुधा सॅम्पलमध्ये आलेल्या नॉर्मल मेंदूच्या टिश्यूमुळे दिसत होता. तीनच उरले. अजूनही कित्येक नोट्समध्ये आणि पीपीटीमध्ये चार लिहिलेले सापडतात, तुम्ही लिहू नका.

म्हणून मग सिंगल सेल, म्हणजे एकेका पेशीचा आरएनए वेगळा मोजणं. २०१४ मध्ये पाच ग्लायोब्लास्टोमांतल्या ४३० पेशी एकेक करून मोजल्या आणि दिसलं की एकाच पेशंटच्या एकाच गाठीत वेगवेगळ्या सबटाईपच्या पेशी एकत्र नांदतायत. २०१९ मध्ये त्याच दिशेने मोठं काम झालं आणि पेशींच्या चार अवस्था मांडल्या गेल्या, न्यूरल प्रोजेनिटरसारखी (प्रोजेनिटर म्हणजे पूर्वज पेशी), ऑलिगोडेंड्रोसाईट प्रोजेनिटरसारखी, अॅस्ट्रोसाईटसारखी आणि मेसेंकायमलसारखी, आणि पेशी एका अवस्थेतून दुसरीत जाऊ शकते. या पद्धतीत तुलना कशी करायची तेही बदलतं. 'ट्यूमर विरुद्ध मेंदू' सोडा, ट्यूमरची पेशी तिच्यासारख्याच नॉर्मल पेशीशी लावा. ऑलिग२ आणि पीडीजीएफआरए ट्यूमरमध्ये जास्त आहेत म्हणता, पण नॉर्मल मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाईट प्रोजेनिटर पेशीत हे दोन्ही असतातच, अख्ख्या कॉर्टेक्समध्ये त्या पेशी थोड्या म्हणून तिथे सरासरी कमी दिसते इतकंच. स्टॅनफर्डच्या बॅरेस लॅबने माणसाच्या मेंदूतले अॅस्ट्रोसाईट, न्यूरॉन, मायक्रोग्लिया, ऑलिगोडेंड्रोसाईट वेगवेगळे करून त्यांचं एक्सप्रेशन २०१६ मध्ये दिलंय, ते ऑनलाईन फुकट बघता येतं. माझी सवय अशी की यादीतला प्रत्येक जीन आधी तिथे टाकून बघायचा, तो नॉर्मलमध्ये कुठल्या पेशीचा आहे ते कळलं की निम्म्या गोष्टी तिथेच उलगडतात.

सिंगल सेलमध्ये ट्यूमरची पेशी आणि शेजारची नॉर्मल पेशी ओळखायची कशी हा प्रश्न येतो, तर त्याची युक्ती मला फार आवडते. ग्लायोब्लास्टोमामध्ये खूपदा ७ नंबरचा क्रोमोझोम जास्तीचा असतो आणि १० नंबरचा एक गेलेला असतो. मग पेशीतल्या ७ वरच्या सगळ्या जीन्सची सरासरी थोडी वर आणि १० वरच्यांची थोडी खाली दिसली की ती पेशी ट्यूमरची. इन्फरसीएनव्ही नावाचं पॅकेज हेच करतं, हीटमॅपमध्ये ७ चा पट्टा लाल आणि १० चा निळा असा स्पष्ट उठून दिसतो. जाताजाता हेही कळतं की ईजीएफआर ७ वर आहे आणि पीटेन, एमजीएमटी दोघं १० वर. बल्क डेटातही हे करून बघा, तुमच्या 'कमी झालेल्या' यादीत १० नंबरवरचे जीन्स किती आहेत ते मोजा. बाकी एक, टिश्यूतून पेशी सुट्या करताना न्यूरॉन फार मरतात, म्हणून नॉर्मल मेंदूसाठी बऱ्याचदा फक्त न्यूक्लियस काढून मोजतात. मग ट्यूमर पूर्ण पेशीचा आणि नॉर्मल न्यूक्लियसचा अशी तुलना करू नका, परत तोच बॅचवाला लोच्या.

आता हाताने करायच्या गोष्टी. यावर कुणी लिहीत नाही आणि पोरांचे आठवडे इथेच जातात.

फास्टक्यू, म्हणजे सीक्वेन्सरच्या कच्च्या फाईल्सच्या मागे लागू नका. टीसीजीए आणि जीटेक्सचा कच्चा डेटा परवानगीशिवाय मिळतच नाही आणि मिळाला तरी तुमच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर काय होणार. टीसीजीएचा डेटा ठेवलेल्या जीडीसी पोर्टलवरून काउंट्सच्या, म्हणजे कुठल्या जीनवर किती रीड्स पडले त्याच्या, फाईल्स घ्या, त्या साध्या लॅपटॉपवर आरामात चालतात. फाईल उघडल्यावर वरच्या चार ओळी जीन्स नसतात, मॅप न झालेले, अनेक ठिकाणी मॅप झालेले वगैरे रीड्सची बेरीज असते, त्या उडवा, नाहीतर पीसीएत त्याच धुमाकूळ घालतात. रकाने बरेच असतात, डीसीक२ या दोन गटांची तुलना करणाऱ्या पॅकेजसाठी अनस्ट्रँडेड काउंट्सचा घ्या, टीपीएम किंवा एफपीकेएमचा (आधीच भागून आणलेले आकडे) नाही, ते पॅकेज पूर्णांकातले कच्चे काउंट्स मागतं आणि टीपीएम राउंड करून घुसवलेत तर ते गुपचूप चालतं आणि उत्तर चुकीचं देतं. जीनच्या एन्सेम्बल आयडीला शेवटी टिंब देऊन व्हर्जन नंबर असतो, दोन डेटासेट जोडताना तो कापा, नाहीतर अर्धे जीन्स जुळतच नाहीत.

बारकोड वाचायला शिका. टीसीजीएच्या सॅम्पलच्या नावातल्या चौथ्या तुकड्यात ०१ असेल तर पहिल्यांदा झालेला ट्यूमर, ०२ म्हणजे परत आलेला, ११ म्हणजे नॉर्मल. परत आलेल्या ट्यूमरवर रेडिएशन आणि टेमोझोलोमाईड हे केमोचं औषध होऊन गेलेलं असतं, त्याला पहिल्याबरोबर मिसळू नका. आणि आयडीएच या जीनमध्ये म्युटेशन आहे का ते बघा. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार आयडीएच म्युटेशन असलेला ट्यूमर ग्लायोब्लास्टोमा धरतच नाहीत, तो अॅस्ट्रोसायटोमा, पण टीसीजीएचे सॅम्पल्स त्याच्या कितीतरी आधी गोळा झालेत, त्यामुळे ग्लायोब्लास्टोमाच्या फोल्डरमध्ये आयडीएच म्युटंट बसलेले आहेत. क्लिनिकल टेबलवरून ते शोधून बाहेर काढा. 'मल्टिफॉर्मे' हे शेपूटही आता अधिकृत नावात नाही.

आर या प्रोग्रॅमिंग भाषेत फॅक्टरची, म्हणजे गटांच्या रकान्याची, पहिली लेव्हल अल्फाबेटनुसार ठरते. तुम्ही ग्रुपची नावं इंग्रजीत जीबीएम आणि नॉर्मल अशी दिलीत तर जी आधी येतो, म्हणजे ट्यूमर हाच बेस धरला जातो आणि सगळी चिन्हं उलटी! ईजीएफआर ट्यूमरमध्ये कमी झालाय असं दिसलं की संशोधन झालं असं समजू नका, रीलेव्हल करा. मी प्रत्येक ॲनालिसिसनंतर आधी ओळखीचे चार जीन बघतो, ईजीएफआर आणि टॉप२ए वर, स्नॅप२५ आणि एसवायटी१ खाली, हे जमलं तरच पुढे.

पी-व्हॅल्यूबद्दल दोनच वाक्यं. वीस हजार जीन्स तपासले की ०.०५ वर हजारेक जीन्स नुसत्या योगायोगाने सिग्निफिकंट येऊ शकतात, म्हणून ॲडजस्टेड पी बघायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण दीडशे-दोनशे सॅम्पल्स दोन्ही बाजूला असले की ॲडजस्टेडमध्येही निम्मे जीनोम सिग्निफिकंट येतं, तेव्हा पी-व्हॅल्यू काही कामाची राहत नाही, फोल्ड चेंज, म्हणजे किती पट फरक, किती आहे आणि तो दुसऱ्या डेटात टिकतो का ते बघा. आणि यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, सेप्टिन आणि मार्च नावाच्या जीन्सच्या त्याने तारखा करून टाकल्या होत्या, इतक्या की २०२० मध्ये शेवटी त्या जीन्सचीच अधिकृत नावं बदलली गेली. एक्सेलमध्ये हे बंद करायचं सेटिंग २०२३ मध्ये आलं. जुन्या डेटात जुनी नावं अजून आहेत.

वेट लॅबवाल्यांसाठी थोडं. गाईड म्हणतील यू८७ या ग्लायोब्लास्टोमाच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या सेल लाईनमध्ये क्यूपीसीआर (एकेका जीनचा आरएनए मोजायची टेस्ट) करून व्हॅलिडेट कर. करा, पण २०१६ मध्ये स्वीडनच्या उप्सालामधल्या लोकांनी दाखवलं की जगभर वापरली जाणारी यू८७ ही त्या मूळ पेशंटच्या ट्यूमरशी जुळतच नाही, मेंदूच्या ट्यूमरची आहे असं वाटतं पण कुणाची ते माहीत नाही. शिवाय प्लास्टिकवर वर्षानुवर्षं वाढलेल्या पेशीची तुलना कॉर्टेक्सच्या टिश्यूशी करणं म्हणजे परत तोच नॉर्मलचा प्रश्न. कल्चरमधले अॅस्ट्रोसाईट कंट्रोल म्हणून घेतलेत तर ते बहुधा गर्भाच्या मेंदूतून आलेले आणि विभागणारे असतात, त्यांचं एक्सप्रेशन मोठ्या माणसाच्या शांत अॅस्ट्रोसाईटसारखं नसतं, हे लिहायला विसरू नका. हाऊसकीपिंग जीन, म्हणजे तुलनेसाठी स्थिर धरलेला जीन, म्हणून डोळे झाकून गॅपडीएच वापरू नका, तो ग्लायकोलिसिसचा एन्झाईम आहे आणि ट्यूमर ग्लुकोज ओढतो, म्हणजे ज्याला स्थिर धरून तुम्ही भागताय तोच हलतोय. दोन-तीन वेगळे जीन्स तपासून मग ठरवा.

कुठे काम करायचं? पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ग्लायोमावर बरंच जुनं काम झालंय, पेशंटच्या ट्यूमरपासून स्वतःच्या सेल लाईन्सही त्यांनी तयार केल्या. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे संशोधन केंद्र, तिथे मेड्युलोब्लास्टोमाचे प्रकार ओळखायची टेस्ट तयार झाली, जीन्स आणि मायक्रोआरएनए यांच्या एक्सप्रेशनवरून, आणि तीही पॅराफिन ब्लॉकमधल्या जुन्या टिश्यूवर चालणारी. आपल्याकडच्या हॉस्पिटल्समध्ये ताजा फ्रोझन टिश्यू क्वचितच मिळतो, ब्लॉक मात्र कपाटभर असतात, म्हणून मला ते काम फार कामाचं वाटतं. बेंगळुरूला आयआयएससी आणि निम्हान्स. निम्हान्सकडे तर मेंदूच्या टिश्यूची बँक आहे, म्हणजे आपल्या देशातल्या माणसांचा कंट्रोल टिश्यू मिळण्याची ती खरी जागा.

पीएचडी करायची असेल तर सीएसआयआर नेट, डीबीटीची बेट, आयसीएमआरची जेआरएफ, आणि टीआयएफआरवाल्यांची जेजीबिल्स, या परीक्षांपैकी एक तरी काढा. जेआरएफला, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला, २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर एचआरए. प्रोजेक्टवरच्या पोझिशन्सना साधारण कमी आणि मुदत प्रोजेक्ट संपेपर्यंत, पण पीएचडीच्या आधी एक वर्ष असं काम केलं तर आपल्याला हे खरंच झेपतं का ते कळतं. फक्त कोडिंग येतं किंवा फक्त बेंचवर्क येतं अशी पोरं भरपूर आहेत. ज्याला आरही येतं आणि स्लाईडवर पॅथॉलॉजिस्टने गोल केलेला भाग म्हणजे काय हेही कळतं अशी कमी आहेत. जमलं तर एखाद्या न्यूरोपॅथॉलॉजिस्टच्या शेजारी चार दिवस बसून स्लाईड्स बघा, एकाच स्लाईडवर इकडे मेलेला भाग, त्याच्याभोवती दाटीने उभ्या पेशी, तिकडे गुंतलेल्या रक्तवाहिन्या असं दिसलं की 'ट्यूमर सॅम्पल' म्हणजे काय कुटलं जातं ते डोळ्यांनी कळतं.

अजून एक, याची तयारी कुणी करून घेत नाही म्हणून सांगतो. तुम्ही ब्रेन ट्यूमरवर काम करता हे नातेवाईकांत पसरलं की कुणाच्या तरी मामांचा एमआरआय रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येणार, खाली लिहिलेलं, बघून सांग ना बेटा. आपण डॉक्टर नाही, स्पष्ट आणि प्रेमाने सांगा, आणि एमजीएमटी मिथायलेशन म्हणजे काय असं विचारलं तर शब्दाचा अर्थ सांगा पण 'म्हणजे किती दिवस' याचं उत्तर देऊ नका, ते त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टचं काम. उत्तर न देता मेसेज तसाच ठेवू नका मात्र, समोरचा माणूस वाट बघत असतो.

लॅबला मेल टाकताना 'आय ॲम व्हेरी पॅशनेट अबाऊट कॅन्सर' वगैरे नको, तसले मेल रोज ढिगाने येतात. त्यांचा एक अलीकडचा पेपर वाचा, त्यात कंट्रोल काय वापरलाय ते शोधा आणि त्यावर एक साधा प्रश्न विचारा, सोबत एका पानाचा सीव्ही आणि तुमच्या कोडची लिंक. इंटरव्ह्यूला लॅपटॉप घेऊन जा, पीसीए प्लॉट उघडून दाखवता आला पाहिजे आणि त्यातला बाजूला पडलेला एखादा ठिपका कुठल्या सॅम्पलचा आहे आणि तो ठेवला का काढला ते सांगता आलं पाहिजे. मेलला उत्तर आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, तरी नाही आलं तर पुढच्या लॅबला लिहा, आणि हे सगळं जुलैच्या ॲडमिशनच्या गर्दीत न करता फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका.